एच-फोरची वर्षं

अमेरिकेतल्या १९९०च्या कायद्याने एच-वन-बी व्हिसा सुरू झाला आणि पुण्या-मुंबईचे इंजिनिअर तिकडे निघाले. त्यांच्या बायकांच्या पासपोर्टवर एच-फोरचा शिक्का बसला. राहायला मुभा, नोकरीला बंदी. पंचवीस वर्षं हे असंच चाललं. परदेशातल्या मराठी माणसाच्या एकटेपणावर पुष्कळ लिहिलं गेलं, पण या बायकांचं एकटेपण त्यात फारसं आलं नाही, असं मला वाटतं.

मी २००३च्या नोव्हेंबरात न्यू जर्सीत आले. मागे बँकेतली पाच वर्षांची नोकरी होती. इथे कामाची परवानगी नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही, आणि तो नाही म्हणून प्रत्येक अर्जातला एक रकाना रिकामा. गाडी चालवता येत नव्हती. साडेचारला अंधार पडायचा. पुण्यात तेव्हा पहाटेचे तीन, आईला उठवायचं कसं? फोनकार्ड हातात धरून मी रात्र व्हायची वाट बघायची आणि फोन लागला की "मजेत आहे" एवढंच सांगायची. इथल्या मराठी मंडळाचा गणपती, दिवाळी झोकात होई. मंगळवारची दुपार कशी काढतेस, हे मात्र कुणी कुणाला विचारत नसे.

अशा दुपारींना कंटाळून मी ध्यानाकडे वळले. मॅसॅच्युसेट्समध्ये १९८२पासून विपश्यना केंद्र आहे. पुण्यात असताना इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात कधी गेले नव्हते. इथे दहा दिवस जाऊन बसले. ही साधना शिकवणारे गोएंकाजी मंडालेत जन्मलेले, १९६९मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आलेले. त्यांचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकताना, हेही आपल्यासारखे देश सोडून आलेले, हे सारखं आठवायचं. बोलायला मनाई होती. पण फ्लॅटमधल्या शांततेत मी एकटी असायची, इथे शेजारी कितीतरी जणी गप्प बसलेल्या. चौथ्या दिवशी पोटभर रडले. परतल्यावर मन लगेच थाऱ्यावर आलं नाही, पण दुपारी तासभर स्थिर बसता येऊ लागलं. मग रविवारच्या मराठी शाळेत बिनपगारी शिकवायला लागले. इथल्या मुलांच्या जिभेवर 'ळ' बसवायला महिने लागत.

२६ मे २०१५पासून काही एच-फोर बायकांना कामाची परवानगी मिळाली. नवऱ्याचा ग्रीनकार्डाचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत मंजूर झालेला हवा. आमचा झाला होता, ग्रीनकार्डाची रांग मात्र संपली नव्हती. पहिल्याच मुलाखतीत समोरच्या बाईंनी विचारलं, बारा वर्षं काय केलंत? मी शाळेतल्या मुलांबद्दल सांगायला सुरुवात केली.