चढाई तीस सेकंदांची!

समजा, चेंबूरच्या गांधी मैदानावर शाळाशाळांचे कबड्डीचे सामने चालू आहेत. मध्यंतरात एक गडी समोरच्या दुकानातून 'एनर्जी ड्रिंक'चा चकचकीत कॅन आणतो, गटागटा पितो आणि म्हणतो, "आता बघाच माझी चढाई!" विद्यार्थी मित्रांनो, त्याला त्यातून खरोखरच ताकद मिळते का?

प्रथम साखर पाहू. २५० मिलिलिटरच्या कॅनमध्ये साधारण २७ ग्रॅम, म्हणजे पाच चमच्यांहून अधिक साखर असते. ऊर्जा आहे खरी. पण चढाई असते अवघी ३० सेकंदांची. एवढ्या झटापटीसाठी स्नायू पोटातल्या साखरेची वाट पाहत नाहीत. पहिली काही सेकंदे त्यांच्यातच साठलेले एटीपी व क्रिएटिन फॉस्फेट उपयोगी पडतात. पुढे स्नायूंतली साठवणीची साखर, म्हणजे ग्लायकोजेन, ऑक्सिजनवाचूनच मोडली जाते. आणि ही साठवण झालेली असते आदल्या जेवणांतल्या भात-भाकरीतून!

राहता राहिले कॅफीन. चहा-कॉफीत असते तेच हे. आपण काम करीत असता मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि 'दमलास, थांब' असा निरोप देते. कॅफीन त्याची जागा अडवते, त्यामुळे निरोप पोचत नाही. शिवाय रक्तातील कॅफीन शिखराला पोचायला बहुधा अर्धा ते एक तास लागतो. मध्यंतर तर पाच मिनिटांचे!

बरे, तासभर आधी प्यायले तर? कॅनडातील संशोधकांनी २००७ साली हेच पाहिले. १५ तरुण-तरुणींना वजनाच्या दर किलोमागे २ मिलिग्रॅम कॅफीन मिळेल इतके पेय दिले. दुसऱ्या वेळी तितक्याच ऊर्जेचे, पण कॅफीन नसलेले. मग मध्ये दोन मिनिटे विसावा देऊन प्रत्येकाने तीनदा ३० सेकंद जीव तोडून सायकल मारली. अगदी चढाईसारखेच की! वजन उचलण्यात थोडा फायदा दिसला, सायकलवर मात्र काहीच फरक पडला नाही.

कॅफीनचा फायदा प्रौढ खेळाडूंत मुख्यतः दिसतो तो किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम घेतल्यावर. आता गंमत पाहा. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये मुलांसाठी दिवसभराची मर्यादा सांगितली, तीही किलोमागे ३ मिलिग्रॅमच! मोठ्यांचा फायदा सुरू होतो तेथेच तुमची मर्यादा संपते. पुढे छातीत धडधड, हातांना कंप आणि उडालेली झोप. संध्याकाळी पाचला घेतलेल्या कॅफीनपैकी जवळजवळ निम्मे रात्री दहालाही अंगात असते.

म्हणूनच भारतातील नियमांप्रमाणे या कॅनवर 'मुलांसाठी नाही' अशी सूचना छापावी लागते. शाळांपासून ५०० मीटरच्या आत अशा पेयांची विक्री बंद करण्याची घोषणाही जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या विधान परिषदेत झाली.

एखादा रिकामा कॅन मिळाला तर त्यावरची बारीक अक्षरे वाचा. लिटरमागे ३०० मिलिग्रॅमची कमाल धरली, तर एका कॅनमध्ये ७५ मिलिग्रॅम. तुमच्या वजनाने त्याला भागा. आणि हो, दिवसभरात घेतलेला चहा त्यात मिळवायला विसरू नका!