बासी ईदची सैर

चाँदरातीला सोलापूरच्या विजापूर वेशीत पाय ठेवायला जागा नसते. मीना बाजारात बांगड्या, अत्तर, शेवया, सुका मेवा, लहान मुलांचे चमचमते बूट यांची एकच झुंबड उडालेली असते. आईचा हात धरून गर्दीतून वाट काढणाऱ्या मुलांचा सवाल मात्र वेगळाच असतो. "अम्मी, किल्ले कू कब जाना?" उत्तर दरवर्षी ठरलेले. "बासी ईद कू."

ईदचा पहिला दिवस पाहुण्यांचा. सकाळी ईदगाहवरची नमाज, मग गळाभेटी, शीरखुर्म्याचे पातेले, शेजारच्या तेलुगू आणि मराठी घरांत पोहोचवायचे डबे, मुलांच्या मुठीत जमा होणारी ईदी. घरातल्या बाईचा तो दिवस चुलीपाशीच जातो. त्याआधीचे 29 किंवा 30 दिवसही तिने पहाटे सहरीसाठी सर्वांआधी उठून आणि संध्याकाळी इफ्तारची ताटे मांडून काढलेले असतात. दुसरा दिवस म्हणजे बासी ईद. हा दिवस खऱ्या अर्थाने तिचा आणि मुलांचा.

पण या दिवसालाही किंमत असते. सोलापुरात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. त्यांत पद्मशाली घरांतल्या आहेत तशा मुस्लिम घरांतल्याही आहेत. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. ज्या दिवशी सूप मांडीवर नाही, त्या दिवशी पैसा नाही. म्हणून बासी ईदचा बेत रमजानच्या शेवटच्या आठवड्यातच आखला जातो. रोज तासभर जास्त बसायचे, थोड्या जास्त विड्या वळायच्या आणि एका संध्याकाळची सुटी कमवायची. रिक्षाचे भाडे, तिकिटे, मुलांची भेळ आणि आईस्क्रीम यांचा हिशेब जुळला की सैर पक्की.

ही सैर सुरू होते ती भुईकोट किल्ल्यापासून. शहराच्या मधोमध दुहेरी तटबंदीचा हा किल्ला उभा आहे. तीन बाजूंना खंदक आणि चौथ्या बाजूला सिद्धेश्वर तलाव. बहमनी काळात बांधलेल्या या किल्ल्यासाठी विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही वर्षानुवर्षे भांडत राहिल्या. लढाईने जे मिटले नाही ते लग्नाने मिटवायचे ठरले. निजामशहाची मुलगी चाँदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, तेव्हा सोलापूरचा किल्ला आंदणात गेला. याच चाँदबीबीने पुढे मोगलांच्या फौजेसमोर अहमदनगर लढवले. तटावरच्या सावलीत बसून दादी ही गोष्ट सांगू लागली, की तोफेवर चढलेली नातवंडे खाली उतरतात. "पूरा किल्ला दहेज में?" असे विचारून मुली हसतात. दादी म्हणते, किल्ला आंदणात देता आला, पण तिची हिंमत तिच्याजवळच राहिली.

गेल्या काही वर्षांत रमजान ईद उन्हाळ्याच्या तोंडावर येते. चांद्र वर्ष लहान असल्याने ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. सोलापूरचे मार्च-एप्रिलचे ऊन काय असते हे सांगायला नको. दुपारी दगड इतके तापतात की बसवत नाही. म्हणून जाणती मंडळी असरची नमाज उरकून निघतात. पाण्याच्या बाटल्या, डोक्याला दुपट्टा आणि अंथरायला सोलापुरी चादर एवढे सामान पुरते.

तटावरून समोर पाहिले की तलावाच्या पाण्यात सिद्धेश्वराचे मंदिर दिसते. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून हा तलाव खोदून घेतल्याचे मानले जाते. संक्रांतीला इथे नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि गड्ड्याची जत्रा भरते. त्या जत्रेतल्या पाळण्यात बसली नाहीत अशी मुले सोलापूरच्या मुस्लिम मोहल्ल्यात शोधून सापडणार नाहीत. बासी ईदला तलावाच्या काठी उलटे दृश्य दिसते. देवळात दर्शनाला आलेली कुटुंबे नव्या कपड्यांतल्या मुलांकडे पाहून "ईद मुबारक" म्हणतात. वर्गातले दोस्त भेटले की ईदीतली एखादी नोट तिथेच फुटते.

किल्ल्याच्या जवळच चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटले. काही दिवस इंग्रजांचा अंमल शहरातून उठला आणि मग मार्शल लॉ लागला. या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिले. कुर्बान हुसेन तेव्हा अवघ्या विशीतले होते. चौघांच्या जाती, धर्म, मातृभाषा वेगळ्या, पण दोर एकच. मुलांना इथे पाच मिनिटे उभे करावे आणि चारही नावे मोठ्याने वाचायला लावावीत. शाळेच्या पुस्तकात एका ओळीत संपणारा धडा इथे डोळ्यांसमोर उभा राहतो.

थोडा वेळ हाताशी असेल तर भैय्या चौकातले डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारकही पाहण्यासारखे आहे. याच शहरात 1910 साली जन्मलेला हा डॉक्टर 1938 मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला, युद्धातल्या जखमींची सेवा करता करता 1942 मध्ये तिथेच वारला. डॉक्टर व्हायचे म्हणणाऱ्या मुलीला हे घर जरूर दाखवावे.

ज्यांच्याकडे गाडी आहे किंवा चार घरे मिळून जीप करतात, ते लांबचा पल्ला गाठतात. हैदराबाद रस्त्यावर पन्नासेक किलोमीटरवर नळदुर्ग आहे. बोरी नदीवरच्या धरणाच्या भिंतीतच बांधलेला तिथला पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. त्यावरून कोसळणारे पाणी पाहायचे तर पावसाळाच हवा, पण महालातली थंडाई उन्हाळ्यातही सुखावते. शंभरेक किलोमीटरवरच्या विजापूरचा गोलघुमट तर मुलांचा सर्वांत लाडका. घुमटाखालच्या सज्जात एकाने कुजबुजले की समोरच्याला ऐकू येते. तिथे आपलेच नाव ओरडून पुन्हा पुन्हा ऐकणारी पोरे आवरता आवरत नाहीत. तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा तलाव जवळ आहे; मात्र तिथे काठावरूनच पाणी पाहावे, मुलांना आत उतरू देऊ नये.

बहुतेकांची सैर मात्र शहरातच संपते, पार्क चौपाटीवर. इथे एक गोष्ट ठाऊक असलेली बरी. ईदनंतर शव्वाल महिन्यात सहा ऐच्छिक रोजे ठेवण्याचे पुण्य मोठे मानतात. कित्येक बायका बासी ईदपासूनच ते सुरू करतात. म्हणजे मुले भेळ खात असतात आणि आई पाण्याचा घोटही घेत नाही. मगरिबची अजान झाली की पर्समधून खजुराची पुडी निघते. भेळेच्या गाडीवाल्याच्या हे चटकन लक्षात येते आणि तो न मागता आधी पाण्याचा ग्लास पुढे करतो. तो कोण, कुठला, हे कुणी विचारत नाही.

रात्री मुले रिक्षातच झोपतात. एकाच्या मुठीत फुगा, दुसऱ्याच्या खिशात किल्ल्यातला खडा. सकाळी पाने कापायची आहेत, सूप पुन्हा मांडीवर यायचे आहे. शेजारची तेलुगू अक्का ओट्यावर येऊन बसेल आणि विचारेल, "काय पाहिलं?" विड्या वळता वळता किल्ला, तळे, चार पुतळे, भेळ, सगळे पुन्हा एकदा फिरून होईल. आणि पुढच्या खेपेला अक्काच्या नातवंडांनाही बरोबर न्यायचे, हे तिथेच ठरून जाईल.