'बोबी' : एक जंगम फडताळ

इटालियन भाषेत घरातील कपाट, मेज आदी सामानास 'मोबिले' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'हलविता येण्याजोगे' असा असून, घरे-इमारतींस त्याच भाषेत 'इम्मोबिले' ही संज्ञा आहे. आपल्याकडील स्थावर-जंगम ही जोडी येथे सहज आठवावी. तथापि शब्द जंगम असला, तरी वस्तू बहुधा स्थावरच राहिली. भिंतीशी लावलेले कपाट घर बदलेपर्यंत हलत नसे. (आपले फडताळ तर भिंतीच्या पोटातच असे.) मिलानचा संकल्पक ज्यो कोलोम्बो (१९३०–१९७१) याने १९७० साली रचलेल्या 'बोबी' या चाकांच्या खणगाडीत शब्द आणि वस्तू यांची पुन्हा गाठ पडली, असे म्हणावयास हरकत नाही.

नकाशे व आराखडे काढणाऱ्यांच्या सोयीसाठी ही गाडी योजिली गेली. उतरत्या फळ्यावर लेखणी, पट्टी ठरत नाही. ती हाताशी, पण फळ्याबाहेर असावी लागतात. नेहमीचा खण पुढे ओढावा लागतो, आणि वरचा ओढला की खालचा झाकला जातो. कोलोम्बोने खण ओढण्याऐवजी फिरविला. कोपऱ्यातील उभ्या दांड्याभोवती प्रत्येक खण स्वतंत्रपणे वळतो. त्यामुळे निरनिराळ्या कोनांत अनेक खण एकाच वेळी उघडे ठेवता येतात. मात्र बाहेर वळलेल्या खणाबरोबर भारही एका बाजूस सरकतो. म्हणून जड वस्तू तळाशी ठेवणेच इष्ट.

तिचे अंग ए.बी.एस. या प्लॅस्टिकचे आहे. वितळलेला रस दाबाने पोलादी साच्यात भरून ते घडवितात. असा साचा अतिशय महाग, परंतु त्यातून निघणारा प्रत्येक नग स्वस्त पडतो. एकच मजला एकावर एक चढवून कमीअधिक उंचीच्या गाड्या करण्यामागील हिशेब यावरून ध्यानी येतो.

प्रारंभी हिचे उत्पादन 'बिएफेप्लास्ट' ही इटालियन संस्था करीत असे. पुढे ते 'बी-लाइन'कडे गेले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयानेही ती संग्रही ठेविली आहे. कोलोम्बो १९७१ साली, वयाच्या ४१ व्या वर्षी निवर्तला. ज्या फळ्यासाठी गाडी जन्मली, त्याचे काम आता बहुतांशी संगणकाने घेतले आहे. गाडी मात्र स्वयंपाकघरात, न्हाणीघरात, केशकर्तनालयात शिरली. कागदाच्या गुंडाळ्या उभ्या ठेवण्याचा खोल कप्पा तिच्यात अद्याप आहे. त्यात काय ठेवावयाचे, हे आता ज्याचे त्याने ठरवावयाचे.