ययातींतील विझलेला निखारा

इ. स. १९०१ च्या फेब्रुवारींत ययाति तारकासमूहांत, जेथें नुसत्या डोळ्यांस कांहींच दिसत नव्हतें तेथें, एक तेजस्वी तारा प्रकट झाला. एडिंबरोच्या टॉमस अँडरसन यांच्या तो प्रथम दृष्टीस पडला. दोन दिवसांत त्यानें ब्रह्महृदयाशीं बरोबरी केली आणि कांहीं महिन्यांनीं तो दुर्बिणीवांचून दिसेनासा झाला.

वर्धा जिल्ह्यांतील समुद्रपुराच्या नांवांत समुद्र आहे, जवळपास मात्र नाहीं. ‘नवतारा’ या नांवाचीहि तीच गत. तेथें नवें कांहीं जन्मलें नव्हतें. राखेखालचा जुना निखारा चेतला होता. सूर्यासारख्या ताऱ्याचें इंधन संपल्यावर जो गाभा उरतो त्यास श्वेतबटु म्हणतात. वस्तुमान सूर्याच्या तोडीचें, आकार मात्र पृथ्वीएवढा! त्यांतील चमचाभर द्रव्य येथें आणल्यास कित्येक टन भरेल.

एकटा असता तर हा बटु निमूटपणें निवत गेला असता. परंतु त्याला एक फुगलेला, वृद्ध सोबती आहे. दोघे परस्परांभोंवतीं सुमारें दोन दिवसांत एक फेरा घालतात, आणि सोबत्याचा वायु बटूकडे ओढला जातो. तो सरळ न पडतां मोरीच्या तोंडाशीं पाणी फिरावें तसा घिरट्या घालतो व त्याची चकती बनते. बटु चुंबकीय नसता तर ती त्याच्या पृष्ठापर्यंत पोंचली असती. येथें लोहचुंबकाभोंवतीं लोखंडाचा कीस रेषा धरतो त्याप्रमाणें वायु चुंबकरेषांवरून ध्रुवांकडे वळतो. सेकंदास हजारो किलोमीटर वेगानें तो आदळतांच तपमान कोट्यवधि अंशांवर जातें आणि क्ष-किरण निघतात. बटु ३५१ सेकंदांत स्वतःभोंवतीं फिरत असल्यामुळें ते त्याच तालावर कमीअधिक होतात. १९८३ च्या उद्रेकांत ‘एक्झोसॅट’ या युरोपीय उपग्रहानें हा ताल टिपला. शौरि समूहांतील ‘ए. एम.’ या जोडींत चुंबकत्व याहून फार प्रबळ आहे. तेथें चकतीच बनत नाहीं.

सांचलेल्या हायड्रोजनचा थर पुरेसा दाट व तप्त झाला कीं अणुस्फोट होतो. १९०१ सालीं झाला तो हाच. त्यांत उडालेलें कवच अद्याप पसरत आहे. नारायणगांवाजवळील खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ-दुर्बीण आहे. तिच्या साहाय्यानें जी. सी. अनुपमा व निमिषा कंठारिया यांनीं या कवचाचा अभ्यास करून तो २००५ सालीं प्रसिद्ध केला. कवचांतून येणाऱ्या रेडिओ-लहरी केवळ उष्णतेच्या नव्हत. चुंबकक्षेत्रांत वेगानें धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या आहेत.

पौषांतील रात्रीं समुद्रपुराहून ययाति उत्तरेस चांगला उंच दिसतो. हा तारा मात्र सुमारें तेराव्या प्रतीचा. दर दोन-तीन वर्षांनीं चकतींतील खळबळीमुळें तो उजळतो, तरी दुर्बीण लागतेच.

श्वेतबटूचें वस्तुमान सूर्याच्या सुमारें १.४ पटींपलीकडे जाऊं शकत नाहीं, ही चंद्रशेखर यांनीं दाखविलेली मर्यादा होय. ती गांठली गेल्यास साऱ्या ताऱ्याचाच स्फोट होऊं शकतो. सोबत्याकडून मिळालेलें अधिक, कीं प्रत्येक स्फोटांत उधळलेलें अधिक, यावर अशा बटूंचें भवितव्य ठरतें. आणि या जमाखर्चाविषयीं ज्योतिर्विदांत अद्याप एकमत नाहीं.