शिवारातले सोयाबीन, पोत्यातली पेंड

ऑक्टोबरमध्ये वाशी तालुक्यात मळणीयंत्रे सुरू झाली की सोयाबीनच्या राशी उभ्या राहतात आणि पाठोपाठ पोती बार्शी-लातूरच्या आडतीवर जातात. प्रक्रिया कारखान्यात त्याचे तेल निघते. मागे उरते ती पेंड, धंद्यातल्या भाषेत डीओसी. ती मक्याच्या भरड्यात मिसळते, गोळी होते आणि पोत्यात भरून त्याच गावांतल्या पोल्ट्री शेडवर परत येते. कोंबडीपालनात शंभर रुपये खर्च झाले तर त्यातले पासष्ट ते सत्तर खाद्याचे असतात.

या प्रवासातला ताण 2021 मध्ये उघडा पडला. त्या वर्षी ऐन पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात पोहोचले. पेंड परवडेना म्हणून पोल्ट्री व्यवसायाने केंद्राकडे धाव घेतली आणि ऑगस्टमध्ये जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची 12 लाख टन पेंड आयात करायला परवानगी मिळाली. नवा माल बाजारात आला तेव्हा तो भाव उरला नव्हता. आपल्याकडे बांधावर सोयाबीन आणि बांधाच्या कडेला शेड असलेली घरे आहेत. त्या घराचे एका खिशातले पैसे कापून दुसरा भरला, तर हाती काय लागणार? खाद्यखर्च कमी करायचा खरा मार्ग सोयाबीन स्वस्त करण्यात नाही. खाल्लेल्या प्रत्येक किलोचे जास्त मांस, जास्त अंडी करून घेण्यात तो आहे.

हे मोजण्याचे माप म्हणजे एफसीआर. एक किलो वजन वाढवायला किती किलो खाद्य लागले, तो आकडा. आजचा चांगला ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंवर जातो आणि एफसीआर 1.6 ते 1.7 च्या आसपास राहतो. समजा शेडमध्ये पाच हजार पक्षी आहेत आणि प्रत्येकी दोन किलोला माल उचलला. एफसीआर 1.7 असेल तर 17 टन खाद्य लागले. 1.6 असेल तर 16 टन. एका दशांशात एक टन, म्हणजे पन्नास किलोची वीस पोती. करार पद्धतीत पिल्ले आणि खाद्य कंपनीचे असते, तरी पाळणाऱ्याचा दर याच आकड्यावर वरखाली होतो.

आता पोत्यात काय असते ते पाहू. मका ऊर्जा देतो, पेंड प्रथिने देते, एवढे सगळे जाणतात. पण कोंबडीला प्रथिने म्हणून प्रथिने लागत नाहीत, त्यांतली अमिनो आम्ले ठरावीक प्रमाणात लागतात. मक्यात लायसीन कमी, सोयाबीनमध्ये ते भरपूर. पण सोयाबीनमध्ये मेथिओनीन तोकडे. म्हणून टनामागे मोजके किलो मेथिओनीन वेगळे घालावे लागते. ते नसेल तर पेंड कितीही वाढवा, वाढ अडते आणि जास्तीची प्रथिने विष्ठेतून बाहेर पडतात. तूस ओले होते, अमोनियाचा वास डोळ्यांत झोंबतो आणि पैसाही त्याच तुसात जातो. स्फुरदाचेही तसेच. धान्यातले बरेचसे स्फुरद फायटेट रूपात बांधलेले असते आणि कोंबडीला ते पचत नाही. फायटेज नावाचे विकर थोडेसे घातले की ते मोकळे होते आणि बाहेरून घालायचे खनिज स्फुरद वाचते.

इथे एक प्रश्न दरवर्षी निघतो: सोयाबीन घरचेच आहे, तर तेच भरडून का घालू नये? कच्चे घालू नये, हे ठाम उत्तर. कच्च्या दाण्यातले ट्रिप्सिन-रोधक घटक प्रथिने पचू देत नाहीत. पक्ष्याचे स्वादुपिंड फुगते आणि वाढ खुंटते. उष्णतेने हे घटक निकामी होतात, म्हणून दाणा नीट भाजावा लागतो. मात्र करपला तर लायसीनच जाते. भाजणी पुरेशी झाली की नाही हे युरिएजच्या साध्या तपासणीत कळते. संशोधकांनी दुसऱ्या बाजूनेही वाट काढली आहे. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेचा एनआरसी 127 आणि पुण्याच्या आघारकर संस्थेच्या सहभागातून आलेला एमएसीएस एनआरसी 1667 या वाणांत कुनित्झ हा मुख्य ट्रिप्सिन-रोधक नाही. आपल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांनी असा वाण, भाजणी आणि छोटा तेलघाणा यांचा एकत्र विचार करायला हवा. घाण्याच्या पेंडीत तेल जरा जास्त राहते, तेही कोंबडीला ऊर्जाच देते.

ज्वारीचे काय? वाशी, भूम, परंडा हा रब्बी ज्वारीचा पट्टा. पांढऱ्या मालदांडीत टॅनिन नगण्य, त्यामुळे ती मक्याच्या बऱ्याच भागाची जागा घेऊ शकते. फक्त अंड्याचा बलक फिका पडतो. पण ज्वारी मक्यापेक्षा महाग असेल तेव्हा हा हिशेब बसत नाही, आणि तसे अनेकदा असते. स्वस्त मिळते म्हणून पावसात काळी पडलेली खरीप ज्वारी घेणे तर धोक्याचे.

कारण बुरशी. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये टर्की पक्षी हजारोंनी मेले, शोध घेता खाद्यातली ब्राझीलहून आलेली भुईमूग पेंड बुरसटलेली निघाली आणि अफ्लाटॉक्सिन जगाला कळले. आपल्याकडे ते मक्यातून येते. ओलावा 13-14 टक्क्यांच्या वर असताना मका साठवला की बुरशी वाढते, यकृत बिघडते, लसीचा परिणामही उणावतो. इथेनॉल कारखान्यांतून येणारे डीडीजीएस स्वस्त प्रथिने म्हणून घेताना हे ध्यानात ठेवावे: मक्यातला स्टार्च निघून गेल्यावर उरलेल्या मालात हे विष सुमारे तिप्पट दाट होते. तपासणीचा दाखला मागितल्याशिवाय ते घेऊ नये.

आपल्या भागाचा मोठा चोर मात्र ऊन आहे. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग थंड करते. खाद्य पचताना शरीरात उष्णता तयार होते आणि खाल्ल्यानंतर चार-पाच तासांनी ती शिगेला जाते. सकाळी दहाला भरपेट खाल्लेला पक्षी दुपारी दोन-तीनच्या उन्हात सापडतो आणि मरतो. मार्च ते मे या काळात खाद्य पहाटे आणि संध्याकाळनंतर द्यावे, दुपारी फीडर वर उचलावेत. एरवी पक्षी खाद्याच्या दुप्पट पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून बरेच जास्त. पत्र्याजवळच्या काळ्या टाकीतले तापलेले पाणी तो पीत नाही, आणि पाणी सुटले की खाणेही सुटते. टाकीला सावली आणि नळीला गोणपाट, इतका स्वस्त उपाय दुसरा नाही. बोअरच्या जड पाण्याने निपल क्षारांनी बंद होतात, तेही दर बॅचला तपासावेत. फीडरची कड पक्ष्याच्या पाठीच्या पातळीला असावी आणि तो निम्म्याहून जास्त भरू नये. सांडलेले खाद्य कोणीच खात नाही, पण एफसीआरमध्ये मोजले जाते.

परसातल्या गिरिराज, वनराजा कोंबड्यांचे गणित सोपे आहे: त्या फिरून पोट भरतात, संध्याकाळी मूठभर भरडा आणि शिंपल्यांचा चुरा पुरतो. कवच रात्री तयार होते, म्हणून चुरा संध्याकाळीच द्यावा. अझोलाचा मात्र फार बोलबाला झाला आहे. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असते. एक किलो अझोल्यातून प्रथिने मिळतात ती जेमतेम पंधरा ग्रॅम. टँकरच्या गावात त्यासाठी खड्डा भरून ठेवणे मला पटत नाही.

वराहपालन आपल्याकडे थोड्याच घरांत आहे आणि ते बहुतेक हॉटेलच्या उरल्यासुरल्यावर चालते. उरलेले अन्न उकळूनच द्यावे; आफ्रिकन स्वाइन फीवर 2020 मध्ये देशात शिरला, त्यावर औषध नाही. डुकरालाही आधी लायसीनच कमी पडते, म्हणून नुसत्या भात-चपातीवर चरबी वाढते, मांस नाही.

वाढीसाठी प्रतिजैविके खाद्यात मिसळण्याचा सोपा रस्ता कोणी सुचवला, तर स्पष्ट नाही म्हणा. माणसांसाठी शेवटचा आधार असलेल्या कोलिस्टिनवर केंद्राने 2019 मध्ये पशुपालनात बंदी घातली, ती याच गैरवापरामुळे.

येत्या बॅचपासून एक तराजू आणि एक वही शेडमध्ये ठेवा. दर सातव्या दिवशी शेडच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतले पन्नास पक्षी तोला, रिकामी पोती मोजा, मरतूक लिहा आणि भागाकार करा. आकडा बिघडला तर त्याच आठवड्यात खाद्याचा नमुना आणि वही घेऊन उदगीरच्या किंवा परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जा. माल उचलून नेल्यावर कळलेला एफसीआर दुरुस्त करता येत नाही.