गंगासागरची दुसरी झेप

१९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धात पूर्व आघाडीवरील एकाच सैनिकाला परमवीर चक्र मिळाले, आणि तेही मरणोत्तर. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सच्या १४ व्या बटालियनमधील हे लान्स नायक आल्बर्ट एक्का आजच्या झारखंडमधील गुमला भागातल्या आदिवासी कुटुंबात जन्मले होते आणि मृत्यूसमयी अवघ्या अठ्ठावीस वर्षांचे होते.

आगरतळ्याच्या पश्चिमेला साडेसहा किलोमीटरांवर असलेल्या गंगासागर येथे पाकिस्तानी सैन्याने भक्कम मोर्चेबंदी केली होती. ३ डिसेंबरच्या रात्री सुरू झालेल्या हल्ल्यात एक्का डाव्या बाजूच्या आघाडीच्या कंपनीत होते. एका बंकरमधून, म्हणजे छत घालून मजबूत केलेल्या खंदकातून, हलकी मशीनगन साथीदारांना टिपत आहे हे दिसताच त्यांनी त्यावर झडप घातली, दोघा शत्रुसैनिकांना संगिनीने, म्हणजे रायफलीच्या तोंडाशी बसवलेल्या पात्याने, ठार केले आणि ती मशीनगन बंद पाडली. या झटापटीत ते गंभीर जखमी झाले, तरीही मागे न फिरता एकामागून एक बंकर जिंकणाऱ्या साथीदारांबरोबर ते लढत राहिले.

खरी कसोटी पुढे होती. उत्तर टोकाच्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून मध्यम मशीनगनचा, म्हणजे हलक्या मशीनगनपेक्षा अधिक काळ सलग मारा करू शकणाऱ्या शस्त्राचा, भडिमार सुरू झाला आणि हल्ला जागीच अडला. अशा वेळी थांबणे म्हणजे सुरक्षित राहणे नव्हे, कारण उंचावरून होणाऱ्या माऱ्याखाली खिळलेल्या तुकडीची हानी दर मिनिटाला वाढत जाते. म्हणून कुणीतरी त्या मशीनगनपर्यंत पोहोचणे हाच उरलेल्यांना वाचवण्याचा मार्ग असतो. एक्का सरपटत इमारतीपाशी गेले आणि त्यांनी आत हातबॉम्ब टाकला. त्यात एक शत्रुसैनिक ठार व दुसरा जखमी झाला, पण गोळीबार थांबला नाही. तेव्हा बाजूच्या भिंतीवरून चढून ते आत शिरले आणि मशीनगन चालवणाऱ्याला त्यांनी संगिनीने संपवले.

पहिल्या झेपेचे श्रेय क्षणाच्या आवेशाला देता येईल, पण दुसरी झेप त्याहून फार मोठी आहे, कारण जखमांची वेदना अंगावर वागवणाऱ्या माणसाने ती पूर्ण जाणिवेने घेतली होती. ठाणे भारतीय सैन्याच्या हाती आल्यानंतर एक्का यांनी प्राण सोडला. त्यांच्या कंपनीतील पुढची जीवितहानी मात्र टळली होती.