सूर्यडागाच्या कडेला वायू कसा वाहतो?

आज आपण सूर्यडागाची कडा समजून घेऊ. आधी घरातलं उदाहरण घेऊ. लातूरची तूरडाळ पातेल्यात रटरटते, तेव्हा तळाची उष्णता उकळीबरोबर वर येते. सूर्याच्या पृष्ठभागाखालीही असंच चालू असतं. डागात मात्र सुमारे ३,००० गाउसचं, पृथ्वीच्या कित्येक हजार पट चुंबकीय क्षेत्र ही उकळी दाबून धरतं. उष्णता कमी पोचते, म्हणून गाभा काळा दिसतो. तरी तिथं तापमान ४,००० केल्विनच्या आसपास असतंच!

गाभ्याभोवतीचा फिकट पट्टा म्हणजे उपछाया. दुर्बिणीतून ती बारीक धाग्यांची दिसते. १९०८ मध्ये अमेरिकेत हेल यांनी डागांतलं चुंबकीय क्षेत्र शोधलं. डाग म्हणजे भोवरे, असं त्यांना वाटत होतं. जॉन एव्हरशेड यांनी जानेवारी १९०९ मध्ये कोडाईकनालला हे तपासलं. हेच एव्हरशेड १८९८ चं खग्रास ग्रहण बघायला विदर्भातल्या तळणीला आले होते.

एसटी जवळ येताना हॉर्न चढा ऐकू येतो, लांब जाताना उतरतो. प्रकाशाचंही तसंच आहे. जवळ येणाऱ्या वायूच्या वर्णरेषा निळ्याकडे सरकतात, दूर जाणाऱ्याच्या तांबड्याकडे. डाग सूर्यबिंबाच्या कडेजवळ असताना एव्हरशेडना उपछायेच्या बिंबमध्याकडच्या बाजूला निळं सरकणं दिसलं आणि बिंबाच्या कडेकडच्या बाजूला तांबडं. भोवरा असता तर ते उरलेल्या दोन बाजूंना दिसलं असतं. म्हणजे वायू गरगरत नव्हता. तो गाभ्यापासून बाहेर, जवळजवळ आडवा वाहत होता. वेग सेकंदाला सुमारे २ किलोमीटर. या वेगानं नांदेडहून लातूर मिनिट-सव्वा मिनिटात येईल!

पण इथंच कोडं पडलं. विद्युतभारित वायू चुंबकीय रेषा ओलांडू शकत नाही. कालव्यातल्या पाण्यासारखा त्यांच्या वाटेनंच जातो. उपछायेतलं क्षेत्र तर सरासरीनं तिरपं, वर उठलेलं. मग वायू आडवा कसा?

उत्तर सरासरीच्या पोटात दडलेलं होतं. तिथल्या रेषा न विंचरलेल्या केसांसारख्या असतात. काही बटा आडव्या, त्यांच्यामधल्या उभट. वायू आडव्या बटांतून धावतो. धाग्याच्या आतल्या टोकाला तो वर येतो, बाहेरच्या टोकाला खाली बुडतो. या वर येण्याबरोबर उष्णताही येते, म्हणून उपछाया गाभ्याइतकी काळी नसते.

हे धागे काहीशे किलोमीटर रुंदीचे. पंधरा कोटी किलोमीटरवरून ते वेगळे दिसायला मोठी दुर्बीण लागते. वायूची दिशा मात्र एव्हरशेडना त्याआधीच रेषांनी सांगितली होती. आता तुमचे प्रश्न घेऊ.